यंदा उचलायला बाळ नव्हतं

प्रिय एलोईझ,

जुलैच्या पहिल्या रविवारी शातो-रिशेत आपल्या गान्यों कुळाचा मेळावा झाला. चर्चमागच्या सभागृहात त्याच तसबिरी होत्या: बर्फातली खेडी रंगवणारा चित्रकार, कार्डिनल, पियानोवादक, हॉकीचा तो चपळ गडी. सगळे आपल्या आडनावाचे. दरवर्षी त्यांच्याखाली उभा राहून मी गर्जत आलो, की इंग्रजीच्या अफाट समुद्रात आपली फ्रेंच भाषा तगली ती अशा नावांच्या आधारानं. आजही मी तेच मानतो. पण तुझी आई गेल्यापासून घरी आल्यावर भाषण कसं झालं हे सांगणारं कुणी नसतं. एका वाडग्यापुरतं सूप गरम करतो आणि रेडिओ लावतो.

हिवाळ्यात ओनेझिमकाका गेले, त्यामुळे आता सर्वांत थोरला मीच. वर्षभरात जन्मलेलं गान्यों बाळ सगळ्यांसमोर उंच धरून त्याचं नाव पुकारायचा मान माझा. तुला तुझ्या आजोबांनी उचललं होतं. तू त्यांचा कोट भिजवलास, तरी त्यांनी तो दिवसभर उतरवला नाही.

मी नवा शर्ट घालून पुढे झालो, तर यंदा बाळच नव्हतं. कुणाचं मूल टोरांटोला, कुणाच्या घरी पाळणाच नाही. मी तसाच हात पुढे करून उभा. तेव्हा तुझ्या ओदेत आत्यानं मांस भरलेली गरम तूर्तिएर माझ्या हातांवर ठेवली. म्हणाली, घे दादा, वजन तेवढंच आहे, आणि ही रडतही नाही. सभागृह खदखदून हसलं. मीही हसलो. मग भाषणाला उभा राहिलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नेहमीचं भाषण बाजूला ठेवलं. एवढंच बोललो, "मला एक नातू आहे. विनिपेगला असतो. त्याचं आडनाव कोवाल्स्की."

आत्या तूर्तिएर कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आण की त्याला. भिंतीवरचा कार्डिनल काय खाली उतरून तुझ्या मांडीवर बसणार आहे?"

बाळाला गान्यों नाही, बापाचं आडनाव लावलं असं कळवलंस तेव्हा मी नुसतं 'बरं' लिहिलं होतं. त्यानंतर तुझं पत्र नाही. फेलिक्सचा फोटो मात्र फ्रिजवर आहे. सूप होईपर्यंत मी त्याच्याशी बोलतो. पुढच्या जुलैत त्याला घेऊन ये. माझे हात आता थोडे कापतात, तेव्हा तू शेजारी उभी राहा. मी त्याला त्या तसबिरींसमोर उंच धरीन आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं पुकारीन: फेलिक्स कोवाल्स्की.

वाट पाहणारा, तुझाच,
बाबा