माझ्याच बोटांनी लिहिलेले

लोणावळे, ८ नोव्हेंबर १९६९

चिरंजीव अंबाजीस थोरल्या भावाचे आशीर्वाद.

माझी प्रकृती बरी आहे. सौ. धोंडाबाईचा गुडघा कसा आहे?

हे पत्र मी स्वतः टाइप केले आहे. अंधांच्या या वसतिगृहात टाइपरायटर आला आणि महिनाभरात अक्षरांच्या जागा बोटांना पाठ झाल्या. लिहिलेले तपासता येत नाही, एवढीच रुखरुख.

आजवर माझी पत्रे कारकून लिहीत असे. ‘मला घरी ने’ असे मी चार वेळा सांगितले. त्याने प्रत्येक वेळी ‘येथे सुखी आहे’ असे लिहिले. काल तोच हसून म्हणाला, “घरच्यांना उगाच घोर कशाला, गुरुजी?” मी मात्र तुझ्यावर रुष्ट होतो.

फाटकाला सदैव कुलूप असते. हे पत्र स्वयंपाकीण चिमाबाई टपालात टाकील. उत्तर पाठवू नकोस. ते कारकूनच वाचून दाखवील. तू स्वतः ये.

तुझी वाट पाहणारा,
रखमाजी