दुमाची आई

४ मार्च
ही वही रुस्मिदाची. परवा लग्न झालं, आज सासरी आले! सरोवराच्या वर, रानाला टेकलेलं दहा घरांचं गाव. नवरा मांगापुल अत्तारासाच्या झुडपांच्या पाल्याचं तेल गाळतो, त्यामुळे त्याच्या सदऱ्यालाही लिंबाचा वास. पाला तोडून तोडून डोंगरावरच्या झुडपांचे नुसते खराटे झालेत. घरामागचं एक झुडूप मात्र हिरवंगार, कुणी हात न लावलेलं. सासूला आम्ही इनांग म्हणतो. इनांगने माझ्या खांद्यावर उलोस, हातमागाचा शेला, पांघरला. बायकांनी गाल ओढले, म्हणाल्या, आली गं बाई दुमाची आई! आमच्यात मूल झालं की बाईचं नाव सुटतं, ती अमक्याची आई होते. पण मला अजून दिवसही गेले नाहीत. काय ही घाई! खूप हसले.

२७ मार्च
दुपारी माशात घालायला घरामागच्या झुडपाची चार पानं खुडली. इनांग ओरडेल वाटलं. उलट तिने माझे हात डोळ्यांना लावले. म्हणाली, तुला खुडू दिलं हो तिनं. कुणी, असं विचारलं तर चुलीकडे वळली. मासा मात्र छान झाला होता.

१९ एप्रिल
दिवस गेलेत! मुलगी झाली तर लामरिया, माझ्या आजीचं नाव. जेवताना सांगून टाकलं. सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. मग इनांग म्हणाली, नाव ठेवून झालंय की.

२१ एप्रिल
नणंद रिस्मा एरवी फटकळ. आज खाली बघून बोलली. दुमा ही मांगापुलच्या पहिल्या बायकोची मुलगी. आठव्या दिवशी गेली. घरामागच्या त्या झुडपाखाली पुरलीय तिला. आणि मी ती पानं खाल्ली.
पहिली बायको असल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. कुठे आहे ती? रिस्मा म्हणाली, होती की, मग नव्हती. नाव काय तिचं? रिस्माला आठवेना. इनांगला आठवेना. चार वर्षं तिच्याशेजारी निजलेला मांगापुल म्हणतो, दुमाची आई. लाज कशी वाटत नाही! मला फसवलं ते फसवलं, तिला तर पुसूनच टाकलं.

६ मे
पोटात लाथ बसली. इतक्या लवकर? माझ्या घामाला लिंबाचा वास येतो. पाणवठ्यावर बायकांना म्हटलं, मला रुस्मिदा म्हणा. त्या खिदळल्या, कोण गं ती? आईला पत्र टाकलंय. ये आणि मला घेऊन जा.

१४ मे
जुन्या संदुकीच्या झाकणाला आतून खिळ्याने कोरलंय. सौलिना. सौलिना. सौलि. सौ. पुढे नुसत्या रेघा.
त्या पहिलीचं नाव मिळालं. मोठ्याने म्हटलं. वारा नव्हता, तरी झुडूप सळसळलं.

२० मे
आईचं पत्र आलं. अक्षर तिचंच. पत्त्यावर लिहिलंय, दुमाच्या आईस. आत लिहिलंय, तिकडेच राहा, पोरीला जप. रुस्मिदा कुठेच नाही. जिने माझं नाव ठेवलं, तिलाच—

२३ मे
भर दुपारी झुडपातून हाक आली. आई. आठ दिवसांच्या पोरीला बोलता कुठून—
ओ द्यायची नाही असं ठरवलं होतं. पण किती बारीक आवाज. किती एकटा.
मी ओ दिली.

२४ मे
विसरायच्या आत लिहून ठेवते. रुस्मिदा. रुस्मिदा. पोटातली लामरिया. दुमा नाही, लामरि— ला—
माझं रुस्मि. रु