दहा जाणं, दहा येणं

पिंप्राळा, जळगाव
१७ मार्च १९९६

श्रीमती कुंदाबाई यांस,

सुनंदा भटू बोरसे हिचा नमस्कार.

अक्षर ओळखीचं नाही म्हणून तुम्ही पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं असेल. पत्र तुमच्यासाठीच आहे. इकडे आम्ही दोघं आहोत तसे आहोत. ऊन आत्तापासूनच चटके देतंय. तुमच्या विहिरीला पाणी कितपत आहे, गिरणीचा पट्टा हल्ली कोण बदलून देतं, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते.

यांनी मला पत्र लिहायला बसवलं आहे. त्यांच्या बोटांत पेन राहत नाही. साखरेनं बोटांची टोकं बधिर झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर डोळेही गेल्यात जमा आहेत. समोर कोणी उभं आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. ते खाटेवर पडून आहेत आणि मी दाराशी उजेडाला बसले आहे. चार ओळी त्यांनी सांगितल्या. त्या लिहिण्याआधी मला थोडं माझं लिहायचं आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या पायाची दोन बोटं काढली, तेव्हा तुम्ही दवाखान्यात आला होतात. केसांना पीठ तसंच होतं. मी दारातच म्हटलं, झोपलेत. तुम्ही म्हणालात, "भटूभाऊंना सांगा, गिरणीवाली येऊन गेली." ते जागे होते. तुमचा डबा मी बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईला दिला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. मीठ बरोबर होतं म्हणाली.

भटूभाऊ. अकरा वर्षं तुम्ही त्यांना चारचौघांत भाऊ म्हणालात. मात्र राखीपौर्णिमेला त्यांच्या मनगटावर तुमची राखी कधी दिसली नाही. तेवढा एक प्रामाणिकपणा तुम्ही दोघांनी ठेवलात, तो मी मनातल्या मनात मान्य केला आहे.

आता सायकलीचं सांगते. ती तुम्ही पाहिलेली नाही.

दवाखान्यातून आल्यावर ते घरातच अडकले. स्कूटरला किक मारता येईना. पायी चौकापर्यंत गेले तरी जखम ओली व्हायची. एस.टी.नं यावं तर तुमची गिरणी फाट्यापासून अडीच किलोमीटर आत, आणि रिक्षा करावी तर रिक्षावाला इथलाच. हा सगळा हिशेब त्यांनी मनात केलेला होता, हे मला नंतर कळलं. मला त्यांनी एवढंच सांगितलं की पुण्याच्या एका कारखान्याची बॅटरीवर चालणारी सायकल येते, सुटे भाग खोक्यात येतात, घरी जोडायचे. किक नाही, पायडल मारायचं काम नाही.

नवरात्र बसलं त्या दिवशी खोकं आलं. पेंढ्यात गुंडाळलेली दोन चाकं, फ्रेम, मोटर, विटांएवढ्या जड दोन बॅटऱ्या. वर्कशॉपात एकोणतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, इंजिनाला कान लावून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगायचा. खोकं उघडताना लग्नातल्यासारखा चेहरा झाला होता. पण पहिलाच नट बोटांतून तीनदा निसटला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुनंदा, आते तुना हात तोच मना हात."

बत्तीस वर्षांत माझ्या हाताबद्दल ते प्रथमच काही बोलत होते.

दहा दिवस आम्ही ओट्यावर बसून ती सायकल जोडली. ते सांगायचे, मी करायची. ग्रीसमध्ये बेअरिंगचे छर्रे एकेक करून बसवले. चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी कोन असतात, शंकूसारखे नट, ते आवळायचे असतात. जास्त आवळले तर चाक जड होतं, ढिले सोडले तर डगमगतं. मधे केसाएवढी मोकळीक ठेवावी लागते, तिला खेळ म्हणतात. आमच्या साक्रीकडच्या बोलीत खेय. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागते, आणि त्यांची बोटं तर मेलेली. म्हणून चाक धरून मी हलवायची आणि ते विचारायचे,

"खेय शे का?"

"शे."

"कितला?"

"एक केस जाई इतला."

"मंग शाब्बास, फिटर!"

गल्लीतल्या बायका हसायच्या. "भटूआबांनी घरवालीले मिस्तरी करं!" मी पदर खोचून हसायची. माझ्या नखांतलं ग्रीस भाकरीच्या पिठात उतरायचं. कुंदाबाई, तुमच्या वाट्याला अकरा वर्षं त्यांचे बुधवार आले. माझ्या वाट्याला हे दहा दिवस आले. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

दसऱ्याला सायकलीची पूजा केली. झेंडूचा हार घातला, हँडलला कुंकू लावलं. तिच्याबरोबरची माहितीची पुस्तिकाही पाटावर ठेवावी म्हणून उचलली. आत लिहिलं होतं, एका चार्जिंगमध्ये वीस किलोमीटर. त्याखाली पेन्सिलीनं त्यांचं अक्षर होतं, पाच वर्षांच्या पोरानं काढावं तसं वेडंवाकडं. दहा जाणं, दहा येणं.

पिंप्राळ्यापासून तुमची गिरणी दहा किलोमीटर आहे. मला माहीत आहे, कारण एकदा मी बुधवारी त्यांच्या मागोमाग रिक्षानं येऊन फाट्यावरून परत गेले होते.

ते आंघोळीला गेले. मी पाना घेतला आणि दोन्ही चाकांचे कोन आवळले. फार नाही, अर्धी आटी. मग पाट उचलून आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणाले, एमआयडीसीपर्यंत जाऊन येतो. चाक जरा जड फिरतंय हे त्यांच्या कानाला लागलं. थांबले. मग स्वतःच म्हणाले, "नवं ग्रीस शे. बसी जाई." आणि नेहमीसारखं विचारलं, "खेय शे का?"

मी म्हटलं, "शे."

गिरणा नदीचा पूल ओलांडल्यावर चढ आहे ना, तिथे जड चाकं ओढून ओढून बॅटरी संपली. त्या पायानं चढावर पायडल मारणं शक्य नव्हतं. झुलालच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसून राहिले. आमच्या गल्लीतल्या उखर्डूच्या रिक्षात सायकल अर्धी बाहेर लोंबत होती, तशी वरात घरी आली. उखर्डू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, आबाले सांगा, आते बैल जोता हिले!"

मी त्यांचे पाय कोमट पाण्यानं धुतले. मलम लावलं. त्यांनी रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावली.

चार दिवसांनी दुसऱ्यांदा निघाले. जायच्या आधी मी पुन्हा कोन तपासले. ते म्हणाले होते थोडे सैल कर. मी पाना लावला, वळवल्यासारखं केलं आणि काढला. तीच टपरी. झुलालनं लांबूनच विचारलं म्हणे, "काय आबा, घोडीनी आज बी मान टाकी दिनी?" बाकावरचे सगळे हसले. हे मला उखर्डूनं सांगितलं. यांनी फक्त एवढंच सांगितलं की वायर तापत होती.

तिसऱ्यांदा वसुबारसेला. त्या दिवशी त्यांच्या खिशात कागदात गुंडाळलेलं काही होतं. मी पाहिलं. गिरणीच्या मोटरला लागतो तो कार्बनचा तुकडा होता, नवा. तुमच्यासाठी दिवाळीला एवढंच न्यायचं सुचलं त्यांना. मला वाटतं तुम्हाला ते आवडलं असतं. मी कोन आणखी पाव आटी आवळले.

त्या दिवशी पुलापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी जेवण नको म्हटलं. भर दुपारी ओट्यावर सायकल उलटी केली आणि मला हात लावू दिला नाही. "तू सर. मीच देखस." स्वतःच खोलायला बसले. गल्ली पाहत होती. पाना नटावर बसेना. बसला तर घसरून बोटांची सालं निघाली, तेही त्यांना रक्त दिसल्यावर कळलं. शेवटी आस निघाला आणि छर्रे ओट्यावरून खाली सांडले, गटारीकडे घरंगळले. ते गुडघ्यांवर बसून चाचपायला लागले. खडा हाताला लागला तरी छर्रा समजून वाटीत टाकत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी उजव्या हाताचं बोट तोंडात घेऊन चावलं. जोरात. माझ्याकडे वर पाहिलं आणि म्हणाले,

"तुनं काय चुकनं नही, सुनंदा. मनाच हात मरी गयात. जोडतांनाच काहीतरी उलटं सांगं मी तुले. मी फिटर ऱ्हायनू नही."

त्या वेळी एक शब्द पुरला असता. कोन आवळले आहेत, एवढंच. एक घाव माझ्यावर बसला असता आणि त्यांचा हात त्यांना परत मिळाला असता. मी आत गेले, बिनसाखरेचा चहा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. ते कप दोन तळव्यांत धरून प्यायले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. एकोणतीस वर्षांची पान्यांची पेटी त्यांनी त्याच्या गाड्यावर ठेवली आणि बदल्यात काही घेतलं नाही. त्यानंतर घरातला नळ गळला तरी ते कान टवकारत नाहीत.

तुम्हाला वाटलं असेल, माणूस आजारी पडला आणि विसरला. तसं नाही. तो तीनदा निघाला होता. हे तुम्हाला सांगणारं जगात दुसरं कोणी नाही, म्हणून सांगितलं. आता यात सुख मानायचं की रडायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मला वाटलं होतं, ते घरी राहिले की घर भरल्यासारखं होईल. घरात एक माणूस बसलेला असतो. मी त्याला भरवते, पुसते, कूस बदलून देते. तो "सुनंदा, तुना मुये जगस" म्हणतो. तुझ्यामुळे जगतो म्हणतो. हे ऐकायला मी बत्तीस वर्षं थांबले होते, आणि आता ते ऐकून मला उठून बाहेर जावं लागतं.

हे ओझं मला एकटीला पेलत नाही, म्हणून अर्धं तुमच्याकडे पाठवते आहे. तुम्हाला का, तर तुम्ही हे कोणाजवळ बोलू शकणार नाही. गावाला काय सांगाल? भटूभाऊंच्या सायकलीचं वाईट वाटतं म्हणून?

मंगळवारी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेणार आहे. या खेपेला पाय गुडघ्याच्या वरून कापतील. त्याआधी तुमच्याकडे पत्र जावं असं त्यांचं आहे.

मघाशी त्यांनी विचारलं, "इतली येळ काय लिखी ऱ्हायनी?" मी म्हटलं, अक्षर मोठं काढते आहे, गिरणीवालीला वाचता यावं म्हणून. मग त्यांना सगळं वाचून दाखवलं. म्हणजे त्यांच्या चार ओळी, त्यांनी सांगितल्या तशा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. कागदावर नजर ठेवून. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, बरोबर शे, दे, अंगठा लावतो. वर्कशॉपात इंग्रजीत सही करणारा माणूस. मी त्यांच्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदाची ही जागा धरून दिली.

त्या चार ओळी मी लिहिलेल्या नाहीत. लिहिणारही नाही. एवढंच सांगते की त्यात तुम्हाला एक प्रश्न विचारलेला आहे, आणि ते उत्तराची वाट पाहत आहेत.

उत्तर जरूर पाठवा. काहीही लिहा. वाचून दाखवणारी मीच आहे.

सुनंदा

(शेजारी अंगठा आहे तो त्यांचाच.)