मुली त्रेचाळीस, मंगळ एक

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आज कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या हातून दोन हजार दोनशे छत्तीस लग्नं जमली!

सरावासाठी कौमुदीआत्याची यादी घेतली आहे. आमच्या मराठी मंडळाचं वधू-वर रजिस्टर अठरा वर्षं तीच सांभाळते. मुली ४३, मुलगे ५२. दोन तक्ते केले, एकमेकांना जोडले — आणि कशावरून जोडायचे ती अटच लिहायला विसरले. मग काय, एकेका मुलीला बावन्न-बावन्न नवरे. सोनियाच्या वाट्याला तर तिचा सख्खा भाऊ अभिनवसुद्धा!

नीलकंठ सरांना मराठी समजतं, पण बोलतात हिंदीत. स्क्रीन बघून म्हणाले, "बेटा, ये क्वेरी है कि सामूहिक विवाह?"

घरी आल्याबरोबर आत्याला सांगून टाकलं. त्याशिवाय घास उतरला नसता.

"कोणाले पाठवलं तर नाही ना?"

"नाही."

"मग जेव."

१५ फेब्रुवारी

बाबांनी मुदत दिली. पाडव्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर माझा फॉर्म आत्याच्या रजिस्टरमध्ये. म्हणजे मीच क्रमांक ४४!

२१ फेब्रुवारी

गट पाडून मोजायला शिकले. मजा आहे!

गोऱ्या मुली ३९, गव्हाळ ४, सावळी एकही नाही — रायपूरच्या उन्हात! मुलगे निर्व्यसनी, बावन्नपैकी बावन्न. त्यातल्या १९ नंबरला मी परवाच सदर बाजारात गुटख्याची पुडी दाताने फाडताना पाहिलं. रकाना दुरुस्त करावा का? खोटं आहे हे माहीत असून तसंच ठेवणं बरोबर नाही.

आत्या म्हणाली, "तू मोजून राहिली का चौकशी करून राहिली?"

२३ फेब्रुवारी

आता हे काय?

मंगळाचा रकाना मोजला. मुलगे बावन्न, त्यात मंगळ एकोणिसांना. मुली त्रेचाळीस, त्यात मंगळ एकीला! पत्रिकेतल्या बारा घरांपैकी पाच घरांत मंगळ असला की झालं, असं आत्याच सांगते. म्हणजे मुलींत सतरा-अठरा तरी निघायला हव्यात. क्वेरी चार वेळा चालवली. मग वही-पेन घेऊन हाताने मोजलं. एकच. मंगळ मुलींकडे फिरकलाच नाही!

ती एक म्हणजे मंजिरीताई, क्रमांक ७. तेहतीस वर्षांची, समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात नोकरीला असते.

आत्याला आकडे दाखवले. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोळ्या लाटायच्या आहेत," म्हणाली. पोळ्या सकाळीच झाल्या होत्या.

२७ मार्च

नवा रायपूरला मुलाखत.

केलेलं काम दाखवा म्हणाले. नावं सगळी काढून टाकली होती, नुसते नंबर ठेवले होते. मंगळाचा तक्ता बघून मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मग एकदम गंभीर — "तो झूठ कौन बोल रहा है?" मी म्हटलं, आकड्यांवरून गडबड आहे एवढंच कळतं, कोणाची ते नाही. ते त्यांना आवडलं. जुलैच्या बॅचमध्ये घेणार! पत्र तेव्हाच मिळेल.

बाबा म्हणाले, "कागद आहे काय हातात?"

नाही.

"मग काय सांगून राहिली?"

९ एप्रिल, पाडवा

श्रीखंड खाऊन फॉर्म भरला. म्हणजे आत्यानं भरला, मी समोर बसले. रंग — गोरा. (!) जन्मवेळ — सकाळी ६.३८.

माझी वेळ ६.२२ आहे. दवाखान्याच्या कागदावर आहे.

१० एप्रिल

सकाळी विचारलंच. बाबा ऑफिसला गेल्यावर.

आधी म्हणाली, लिहिताना चूक झाली. मी फॉर्म आणि दवाखान्याचा कागद शेजारी शेजारी ठेवले. बाबांच्या बदल्या लहान लहान स्टेशनांवर व्हायच्या, म्हणून तिसरीपर्यंत हिनंच मला घरी शिकवलं. आठाचा सहा केला तरी पान फाडून पुन्हा लिहायला लावणारी बाई. हिची लिहिताना चूक?

शेवटी म्हणाली, "सोळा मिनिटं पुढं केलं का तुह्या पत्रिकेतला मंगळ निघून जाते."

"आणि बाकीच्या मुलींचा?"

"कोणाचा दहा मिनिटांत निघते, कोणाले अर्धा तास लागते. मंजिरी तेवढी नाही म्हणाली."

"आत्या, काहून पण?"

"माझी वेळ खरी लिहिली होती तुह्या आजोबांनी, मंगळासकट. आता पाह्य, कुठं आहो मी. भावाच्या घरी." मग जरा चिडून, "कोणाचं वाटोळं केलं काय मी?"

 

११ एप्रिल

एक गोष्ट सुचली आहे आणि तिची लाज वाटते आहे.

खरी वेळ लिहिली तर मला मंगळ. मंगळ असला की स्थळं कमी. स्थळं कमी म्हणजे जुलैपर्यंत सुटका! तीनच तर महिने हवेत. आणि लिहिलेलं सगळं शंभर टक्के खरं!

पण खरं लिहिण्यामागे लबाडी असेल, तर ते खरं राहतं का? दुपारभर हाच विचार. मंजिरीताई असा विचार करत बसली नसेल.

१२ एप्रिल

आत्याला विचारून फॉर्मवर आणि कॉम्प्युटरवरच्या यादीत बदललं. क्रमांक ४४, वेळ ६.२२. 'फक्त क्रमांक ४४' ही अट लिहिली आहे ना, तीनदा वाचलं — ती राहिली असती तर सगळ्याच मुली एकाच मिनिटाला जन्मल्या असत्या!

संध्याकाळी बाबांनी फॉर्म वाचला. "मंगळ? हिले कधीपासून?"

"जन्मापासून," आत्या म्हणाली आणि भाजी निवडत बसली.



१५ एप्रिल

यादी सगळ्यांच्या मोबाइलवर गेली. माझ्यासाठी एकही फोन नाही. वा!

नाही, एक आला. मंजिरीताईचा. "काय गं पोट्टी, तू पण?" मी सगळं सांगून बसले. जुलै, नोकरी, माझी लबाडी, सगळं. (आत्याचं नाव घेतलं नाही. तिला माहीतच होतं.) ती म्हणाली, "थांबायचं असलेली तू एकटीच आहेस काय यादीत?"

१६ एप्रिल

सकाळपासून अकरा मुलींचे मेसेज. आमचीही खरी वेळ टाका!

घाबरत घाबरत मोबाइल आत्यापुढे धरला. तिनं सगळे अकरा वाचले. उठली, कपाटातून एक पातळ वही काढून माझ्यासमोर ठेवली. नावं, आणि नावांपुढे वेळा. तिच्या अक्षरात.

"अकराच काहून? घे. सगळ्यांच्या आहेत."