मोरी कुणीकडून जाते

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सांगली,
ता. ११ एप्रिल १९४६

चि. सुकुमार यास त्रिशलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

वखारीच्या व्यापात तुला पोस्टाची पेटी दिसत नसावी, म्हणून मीच लिहायला बसले. इकडे सगळे खुशाल. अण्णांचा मोतीबिंदू वाढला आहे, पण कान शाबूत आहेत. मी चुलीपुढे मनात जरी चिडले तरी त्यांना ऐकू जातं.

लिहिण्यास कारण, न्हाणीची मोरी तुंबली आहे. पाणी घोट्याला लागतं आणि दुपारपर्यंत तसंच राहतं. अण्णांचा नेम तुला ठाऊक आहेच. सकाळी आंघोळ, धूतवस्त्र, मग बस्तीत, आपल्या जैन देवळात, अभिषेक. घाण पाण्यात उभं राहून केलेली आंघोळ कसली आंघोळ, असं म्हणून ते अभिषेकाला हात न लावता लांबूनच दर्शन घेऊन परत येतात. उभ्या जन्मात त्यांनी असं केलं नव्हतं. मला ते बघवत नाही.

आपल्या पाणक्या धुळानं आतून काठी घालून पाहिली. चार हातांवर ती अडते. आवं अक्का, लय घट्ट बसलंय, काठी म्होरं सरकंना, असं म्हणून त्यानं हात टेकले. अण्णा म्हणतात, सुकुमारला विचार, मोरी कुणीकडून जाते ते त्याला आठवतं का. तुम्ही बापलेकांनी ती बांधली तेव्हा मी सासरी होते, मला काय ठाऊक! त्यांना विचारलं तर म्हणतात, त्यालाच विचार. म्हातारपणी माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो.

मागच्या अंगाला शेजारचे दादासो हळदीचं गोदाम बांधतायत. ठोकाठोकीनं अण्णांची झोप मोडते. आपल्या रिकाम्या जागेतही त्यांनी दगड टाकलेत असं धुळा सांगत होता. एकदा विचारीन म्हणते.

सौ. गुणमालेस आशीर्वाद सांग. वर्षभरात तुझं तोंड दिसलं नाही, निदान अक्षर तरी दिसू दे.

तुझी
अक्का

---

कराड,
ता. २२ एप्रिल १९४६

ती. अक्कास सुकुमारचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. एवढ्याशा मोरीचा तू केवढा घोर लावून घेतलास! तुम्ही बायका भांडी घासता, ती राख मोरीत सोडता आणि मग मोरीला नावं ठेवता. माझं ऐक. चांगली लांब, ओली बांबूची कामटी घे. टोकाला काथ्याचा बोळा घट्ट बांध. धुळाला म्हणावं, ढोसू नको, पुढं-मागं घुसळ. राख सुटते. नंतर बादलीभर पाणी एकदम सोड.

दादासोंशी मात्र बोलू नकोस. चार दगड टाकले तर टाकू दे, शेजारधर्म आहे. बाईमाणसानं अशा गोष्टीत पडू नये.

आता माझं काम. पुण्यात लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव आहे. दोन तऱ्हेच्या करवती निघणार आहेत, एक गोल आणि एक लांब पट्ट्याची, दोन्ही इंजिनावर चालणाऱ्या. दोन माणसांनी वर-खाली उभं राहून ओंडका कापायचे दिवस आता गेले, अक्का. लोकांना घरं बांधायची आहेत, गाड्या करायच्या आहेत. पण कुठली घ्यावी ते ठरत नाही. अण्णांनी जन्मभर वखार केली, लाकूड त्यांच्याशी बोलतं. वर्षभर आलो नाही म्हणून माझ्यावर रागावले असले तरी लाकडाबद्दल विचारलं की गप्प बसवणार नाही त्यांना. तेवढं विचारून लगेच कळव.

अण्णांच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुझा
सुकुमार

---

सांगली,
ता. ६ मे १९४६

चि. सुकुमार यास अनेक आशीर्वाद.

तुझी कामटी झाली, काथ्या झाला, घुसळूनही झालं. निघाली ती ओंजळभर राख आणि माझी हरवलेली नथीची फिरकी. पाणी होतं तिथंच आहे.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा अण्णा उठून बसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. चहा निवून गेला तरी बोलतच होते. ते सांगतात तसं लिहिते. पट्ट्याची करवत लाकूड कमी खाते, भुसा कमी पडतो, खरं. पण पट्टा तुटला तर कराडात तो सांधणारा कोण आहे? गोल करवतीच्या दातांना माणूस घरी बसून कानशीनं धार लावू शकतो. म्हणून गोलच घे. घेण्याआधी पातं हातानं फिरवून बघ, दांडा डुलत असेल तर फुकट दिली तरी आणू नकोस. आणि मुख्य गोष्ट, पात्याच्या मागं लोखंडी पाचर बसवल्याशिवाय एकही ओंडका लावू नकोस. ओली बाभळ चिरताना मिटते, पातं धरते आणि माणसाच्या अंगावर उसळते. पाचर चीर मिटू देत नाही. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

शेवटी पुन्हा तेच, मोरी कुणीकडून जाते ते त्याला आठवतं का? म्हणाले, भाजलेल्या मातीच्या नळ्या एकेक करून हातात देत होता, विसरायचा नाही. तू मागच्या पत्रात याचं उत्तरच दिलं नाहीस. एक ओळ लिही बाबा, म्हाताऱ्याचं समाधान होईल.

दोघांनी उन्हाचं जपा, आणि आमचीही आठवण काढत जा.

अक्का

---

कराड,
ता. ३० जुलै १९४६

ती. अक्कास शि. सा. न.

उशिराबद्दल क्षमा कर. करवत आली! गोलच घेतली, अण्णा म्हणाले तशी. गावातली निम्मी माणसं बघायला येऊन गेली. पाचर लोहाराकडून करून घेतली आहे. गुंडा म्हणून आपला जुना कापणारा, तो आधी पात्याजवळ जाईना. आता त्याला घरी जा म्हटलं तरी जात नाही.

मोरीवर आता जालीम उपाय सांगतो. या पत्राबरोबर येणाऱ्या माणसाकडे एक डबा दिला आहे, त्यात साबण करणाऱ्याकडचा कास्टिक सोडा आहे. हात लावू नकोस. डबा मोरीत रिकामा कर आणि वरून दोन हंडे उकळतं, अगदी खळखळतं पाणी ओत. मळ, राख, केस, काही राहत नाही. तू म्हणशील, उकळतं पाणी मोरीत ओतलं की जीव मरतात, पाणी निववूनच टाकायचं. अक्का, किड्यामुंग्यांची दया करत बसलीस तर मोरी जन्मात सुटायची नाही. अण्णांना सांगू नकोस म्हणजे झालं.

नळ्यांचं म्हणशील तर मी तेव्हा पोर होतो, मला काही आठवत नाही.

पर्युषणाआधी मोरी मोकळी झालीच म्हणून समज. अण्णांना साष्टांग नमस्कार, तुझ्या मायेची आस आहेच.

सुकुमार

---

सांगली,
ता. १९ ऑगस्ट १९४६

चि. सुकुमार यास आशीर्वाद.

अण्णांच्या उशाशी बसून लिहिते, अक्षर लावून घे.

अण्णांचे पाय भाजले. दोन्ही, घोट्यापर्यंत. माझ्या हातून.

पर्युषणात त्यांना धड आंघोळ करून अभिषेक करता यावा एवढीच माझी इच्छा होती. म्हणून त्यांचा डोळा लागलेला बघून दुपारी उशिरा मी तुझा सोडा मोरीत टाकला आणि दोन हंडे खळखळतं पाणी ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा. ओतताना मनात णमोकार मंत्र म्हणत होते. पाणी खाली गेलंच नाही. उलटून वर आलं आणि न्हाणीभर पसरलं. आता ओसरेल, मग ओसरेल म्हणून मी चुलीकडे वळले, कारण दिवस मावळायच्या आत अण्णांचं जेवण व्हायला हवं होतं. ते उठले आणि नेहमीसारखे जेवणाआधी हातपाय धुवायला न्हाणीत गेले. त्यांना दिसत नाही. आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं. उकळतं पाणी ओतते म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी ओतू दिलं नसतं, म्हणूनच नव्हतं सांगितलं.

ओरडले नाहीत रे. नुसतं त्रिशला म्हणून हाक मारली.

डॉक्टर रोज येऊन पट्टी करतात. सोड्यानं कातडं आत खोलवर जळलं आहे म्हणतात, आणि या वयात भरून येणं कठीण. मला वाटलं अण्णा मला बोलतील. ते म्हणाले, मुक्या जीवांना भाजलं, त्याचा वाटा आपल्याला आला, तू रडू नको. त्यांनी बोलायला हवं होतं.

एकदा येऊन जा.

अक्का

---

कराड,
ता. २७ ऑगस्ट १९४६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून गुणमाला दिवसभर जेवली नाही. मलाही काही सुचत नाही. पण अक्का, अण्णांना आधी सांगायला नको का? निदान न्हाणीच्या दाराला कडी तरी लावायचीस.

निघणारच होतो, पण इंजिनाचा माणूस पुण्याहून आला आहे, तो गेला की पुन्हा मिळायचा नाही. सोबत लोणी आणि मलम पाठवलं आहे.

अण्णांना एक सांग, त्यांना बरं वाटेल. परवा ओली बाभळ लावली होती. चीर मिटायला लागली आणि ओंडका कुरकुरला, पण पाचरीनं धरून ठेवला. पाचर नसती तर गुंडाचा हात गेला असता. तो सगळ्यांना सांगत सुटलाय, म्हाताऱ्या मालकानं सांगलीत बसून माझा हात वाचवला.

मोरीचं आता राहू दे. काही ओतू नकोस, कुणाला खणायलाही लावू नकोस. मी आलो की बघतो.

सुकुमार

---

सांगली,
ता. १४ सप्टेंबर १९४६

सुकुमार,

खणू नको असं तू लिहिलंस, पण पत्र पोचायच्या आधीच धुळानं बाहेरून खणलं होतं.

मागच्या भिंतीपासून आपल्या रिकाम्या जागेत मातीच्या नळ्या निघाल्या, अण्णांनी घातलेल्या, अजून शाबूत. चार हातांवर त्या संपतात. पुढं दादासोंच्या गोदामाचं जोतं आहे, काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं. शेवटच्या नळीचं तोंड दगड आणि चुना भरून बंद केलेलं आहे. मी धुळाला घेऊन दादासोंच्या दारात गेले, बाईमाणूस असूनही. आमच्या जागेत जोतं कसं घातलं म्हणून भांडायच्या तयारीनं गेले होते. ते बिचारे उठून पुढे आले. म्हणाले, अक्का, ती जागा सुकुमाररावांनी आम्हाला शिमग्यातच विकली, तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय? आणि मोरीचं तोंड आम्ही विचारून बुजवलं. ती जुनी मोरी बंद पडलीय, कुणी वापरत न्हाई, खुशाल बुजवा, असं तेच म्हणाले. आता वर भिंत चढली आहे, ती ते कशी पाडतील, आणि कशाला पाडतील?

जागा अण्णांनी तुझ्या नावावर घेतली होती, ती तू विकलीस. तुझी होती, विकलीस. करवत हवी होती, घेतलीस. सांगून विकली असतीस तर मी हळदीकुंकू लावून करवतीची पूजा करायला आले असते. पण मोरी वापरात आहे असं सांगितलं असतंस तर दादासोंनी तेवढी जागा सोडून मागितली असती, आणि सौदा कमी झाला असता. म्हणून तू जित्या घराची मोरी मेली म्हणून सांगितलीस. त्यानंतर मला कामटी शिकवलीस, काथ्या शिकवलास, माझ्या राखेला दोष दिलास. उकळतं पाणी ओत म्हणून लिहिताना तुला ठाऊक होतं की ते पाणी कुठेच जाणार नाही. थोडं तरी मुरेल, बाई गप्प बसेल, असं वाटलं असेल तुला. माझ्या पापाला मी तयार आहे. तुझ्या वाट्याचं मी उचलणार नाही.

हे अण्णांपासून लपवायचं असं ठरवून घरी आले. मला वाटलं, पायांच्या दुखण्यात हे दुखणं नको. तर अण्णाच म्हणाले, दादासोंकडे जाऊन आलीस ना? दादासो जागा घेण्याआधी रीत म्हणून अण्णांना विचारायला आले होते, तेव्हा मी बस्तीत होते. अण्णांनी त्यांना सांगितलं, मुलाची जागा आहे, माझी हरकत नाही. मोरीचा विषय निघाला नाही, कारण मुलगा मोरीपुरती जागा सोडूनच विकेल अशी त्यांची खात्री होती. मोरी तुंबली तेव्हा त्यांना शंका आली. म्हणून पत्रांतून ते सारखा एकच प्रश्न विचारत होते. मला वाटायचं, म्हातारपण.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? म्हणाले, त्यानं सांगावं म्हणून थांबलो. एक ओळ लिहिली असती तर मी दुसरी मोरी खणून घेतली असती, जागेचं नावही काढलं नसतं. परीक्षा त्याची घेत होतो, पाय माझे भाजले.

पर्युषणात घंटा ऐकू आली की ते अंथरुणावरून हात जोडत. बस्तीत जाणं आता त्यांच्या नशिबात नाही. यावर आशीर्वाद लिहायला माझी लेखणी वळत नाही.

त्रिशला

---

कराड,
ता. २४ सप्टेंबर १९४६

ती. अक्का,

काय लिहू? तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, पण मनात वाईट नव्हतं. लिलावाआधी पैसे हाताशी हवे होते. पुढं सवडीनं दुसऱ्या बाजूनं मोरी काढून देऊ, असं मनात होतं. मग तुझं पहिलं पत्र आलं आणि सांगायची वेळ निघून गेली. एकदा नाही सांगितलं, की पुढचं प्रत्येक पत्र अवघड होत गेलं. गुणमाला माझ्याशी बोलत नाही.

दसऱ्याला करवतीची पूजा आहे. पहिला नारळ अण्णांच्याच हातून फोडायचा, असं मी कधीचं ठरवलं होतं. मी स्वतः मोटार घेऊन येतो. अण्णांना उचलून नेईन, त्यांच्या पायाला जमीन लागू देणार नाही. इथं कायमचे राहिले तरी आनंद आहे. मला फक्त एवढं कळव, येऊ का? अण्णा नको म्हणाले तर मला सांगू नकोस, पण हो म्हणाले तर लगेच सांग.

तुमचा अपराधी,
सुकुमार

---

सांगली,
ता. २९ सप्टेंबर १९४६

चि. सुकुमार यास,

अण्णा सांगतात ते लिहिते. माझं यात काही नाही.

पाचरीनं गुंडाचा हात वाचला हे ऐकून बरं वाटलं. ती दर महिन्याला तपासत जा, हादऱ्यानं सैल होते. पूजेला मी येत नाही. नारळ गुंडाच्या हातून फोड, हात त्याचा वाचला आहे.

तू येऊ नको असं मी म्हणत नाही. बापाचं दार आहे, ये. पण आंघोळ तिकडेच करून ये. आमच्याकडे पाण्याला जायला वाट नाही. माझ्या पट्ट्या धुतलेलं पाणीसुद्धा त्रिशला बादलीनं रस्त्यावर नेऊन टाकते.

मोरी कुणीकडून जाते ते आता विचारत नाही.

अण्णा
(सही त्यांचीच आहे. दिसत नसल्यानं ओळीखाली गेली आहे.)