सर्वांत कमी वेग

ता. ४ जून
बिऱ्हाड पोचलं. टेम्पोचे सातशे, हमालाचे शंभर (दीडशे मागत होता). देव मांडीवर घेऊन बसले, त्यांचं भाडं नाही. हे गेले. आता मी आणि माझी छकुली दिरांकडे राहणार. देवानेच दार उघडलं. भाऊजी घरीच चिपवाल्या पट्ट्या तयार करतात. पट्टी नाडी सांभाळते म्हणे. सासूबाईंच्या दंडाला आहे, जाऊबाईंनी मलाही बांधली. मी नमस्कार करून घेतली. जाऊबाईंना मूल नाही. छकुलीला दिवसभर खाली ठेवलं नाही.

ता. ६ जून
भाऊजींनी काम शिकवलं. चिप तीन प्रकारच्या. संगणकाच्या पडद्यावर आधी प्रकार निवडायचा, मग तिला झेपेल तो वेग: लहानीला आठपर्यंत, मधलीला सोळा, मोठीला वीस. वेग जास्त तशी वीज जास्त. मॅट्रिकच्या डोक्यात एवढं सहज मावलं. जाऊबाई म्हणाल्या, चला, आता फुकटचं गिळणं तरी थांबेल. ऐकून घेतलं.

ता. ९ जून
आज पट्ट्यांचा ढीग आला. कुणाला किती वेग, ते विचारायचं राहिलं. वीज वाचेल म्हणून सगळ्यांना सर्वांत कमी दिला. एक.

ता. १० जून
सासूबाईंनी सकाळी जपमाळेचा मणी ओढायला घेतला. जेवणं झाली, मणी बोटातच. डोळे उघडे. पापणी मिटेपर्यंत माझी भाजी निवडून झाली. तपासायला काढलेली त्यांचीही पट्टी कालच्या ढिगात होती, रात्री परत बांधली! भाऊजींना रडत सांगितलं. ते वेग वाढवायला उठले, तर जाऊबाईंनी बसवलं. म्हातारीची कटकट गेली, राहू दे की. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, काटकसर छान जमते गं तुला. माझी पट्टी काढून नेली, परत आणून दंडाला चिकटवली. मी नको नको म्हणत होते. भाऊजींनी हात धरला. मान खाली घालून.

ता. २ जुलै
काल दहा जून होती. कॅलेंडर खोटं बोलतंय? घरात माणसं सरसर पळतात, बोलणं नुसतं माशीसारखं गुणगुणतं. देवापुढे काडी ओढली— ज्योत दिसलीच नाही. हातात कोळसा.
पट्टी निघत नाही. कातडी निघते.

ता. १९ नोव्हेंबर
छकुलीचा झगा गुडघ्यावर आला. सकाळीच तर मी— वेणी माझ्या हातची नाही.
हाक मारायला तोंड उघडलं. ती गेली. दिवस गेला.

ता.
दारात उंच मुलगी. बराच वेळ उभी होती, म्हणून दिसली. छकुली. गुणगुणण्यातून एवढंच उमगलं, जाऊबाईंना आई म्हणाली. विचारत होती, आई, ही कोण, हिचं तोंड पुसू का—

दादा, हे पान कुणाच्या तरी हाती तुझ्याकडे येईल. तू मामा आहेस तिचा, तुला ओळखेल. ये, घेऊन जा तिला. उलट टपाली कळव, ती अजून शाळेत जाते ना, की तिचं लग्न