मावशीची दोरी कुणी सोडू नये

गेल्या आठवड्यात मुलाकडून आलेला माल : चाकांची खुर्ची एक, नऊ हजार चारशे; हाक मारायची घंटा एक, दोनशे दहा; हमाली साठ, ती मी दिली. खुर्ची माझ्या धाकट्या बहिणीसाठी. तिला दिसत नाही. पाय तिचे माझ्याहून धड आहेत. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिणे भाग पडले.

मी, वय अडुसष्ट, मॅट्रिक पास, घर सांभाळणारी, ईश्वराला स्मरून, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. वैतागलेले आहे, ही गोष्ट वेगळी.

१. राहते घर माझ्या नावचे. बहीण हयात असेपर्यंत ते तिच्या एकटीच्या वहिवाटीत राहील, तिच्यामागे मुलाचे. "मावशीला आमच्याकडे सुखात ठेवू" असे मुलगा व सूनबाई म्हणतात. ते सुख मी पाहिले आहे. मागच्या सुट्टीत आले आणि गच्चीवरची दोरी सोडली, का तर मावशी पडेल. त्या दोरीला धरून ती रोज सकाळी जप करत फेऱ्या घालते. आजवर पडली नाही. पडला तो मुलगा, दोरी सोडताना स्टुलावरून. मग महिनाभर तिला बसवून जेवू घातले. गुडघे सुजले, साखर वाढली, आणि वर म्हणाले, बिचारीचे नशीब. नशिबाने काय केले? दोरी मी पुन्हा बांधून घेतली आहे. ती कुणी सोडू नये.

२. डॉक्टरांकडे तिचे तिला बोलू द्यावे. साखर दाखवायला गेलो तर ते मलाच विचारू लागले, यांना झोप लागते का. बहीण म्हणाली, "डॉक्टर, मला दिसत नाही. ऐकू येतं." त्यावर ते तिच्याशी मोठ्याने बोलू लागले.

३. स्वयंपाकघर तिचे. डबे हलवू नयेत, गॅस बंद करून ठेवू नये. हात सूनबाईंचाही भाजतो, त्यांना कुणी खुर्चीत बसवत नाही. पुण्य हवे असेल त्यांनी ते दुसरीकडे मिळवावे.

४. बँकेतील ठेवीचे व्याज बहिणीला, तिच्यामागे मुद्दल नातीच्या शिक्षणाला.

५. खुर्ची व घंटा मुलाला परत. दोन जिने चढताना त्याला धाप लागते, उपयोगी पडेल.

६. या सगळ्याची अंमलबजावणी मुलाने करावी. याबाबत बहिणीला विचारले. ती म्हणाली, "ताई, तो मनाने चांगलाच आहे गं. पण तू गेलीस की दुसऱ्या दिवशी मला उचलून नेईल." हे ती हसून म्हणाली नाही. तेव्हा मुलाला कलम एक मान्य नसेल तर अंमलबजावणी शेजारच्या शिंपीणबाई करतील. त्यांनी होकार दिला आहे.

साक्षीदार : पिठाच्या गिरणीवाले काका (सही)
डॉक्टर (कलम दोन वाचून सही)
लिहून ठेवणार : स्वहस्ते सही
स्थळ : राहते घर. बुधवार, तारीख अकरा.

बाळा, नक्कल तुला पाठवत आहे. फोनवर तू नुसते "बघू" म्हणतोस. मावशीला तिच्या घरात तिच्या रीतीने राहू देशील का? हो किंवा नाही, दोन्हींची सोय मी केली आहे. काय ते उलटटपाली कळव.